रँग्लरचे गुण

आमचे घर दस्मानला, कुवेत टॉवर्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर. थंडी सुरू झाली की संध्याकाळी आम्ही दोघे समुद्राच्या कडेने फेरी मारतो. गेल्या नोव्हेंबरात अशाच एका फेरीत मुलीचा फोन आला. ती परदेशात गणित घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "बाबा, रिअल ॲनालिसिसमध्ये ४१," एवढे बोलून ती गप्प झाली. इथल्या भारतीय शाळेत बारावीपर्यंत गणितात कधी ९५च्या खाली न आलेली मुलगी! मग हळूच म्हणाली, "विषय बदलू का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. त्याचे कारण शेवटी सांगतो. त्या रात्री मात्र मला आठवण झाली ती रँग्लर परांजप्यांची.

आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी 'रँग्लर' हा शब्द लहानपणी ऐकलेला असतो. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. मराठी माणसाने ही पदवी 'लोकमान्य', 'महर्षी' यांच्यासारखी नावाआधी लावून टाकली. केंब्रिज विद्यापीठाच्या 'मॅथेमॅटिकल ट्रायपॉस' या परीक्षेत जे पहिल्या वर्गात येत ते रँग्लर आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. त्यांना घडवले ते त्यांच्या नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे पुढच्या महर्षी कर्व्यांनी. कर्व्यांची स्वतःची परीक्षेची गोष्ट तर विलक्षणच. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा कोकणातल्या मुरुडहून कुंभार्ली घाट चढून, भर पावसात सुमारे ११० मैल चालत साताऱ्याला गेला. तिथे परीक्षकांनी त्याचा चेहरा पाहिला, वय लहान दिसते असे म्हटले आणि परीक्षेला बसूच दिले नाही. म्हणजे कमी गुण मिळण्याचीही सोय नाही! हेच कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि त्यांच्याकडे वाढलेले परांजपे १८९९ साली केंब्रिजला एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

आता प्रश्न असा, की या परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला गुण तरी किती पडत? १८६०च्या दशकातल्या एका ट्रायपॉसचे आकडे उपलब्ध आहेत. एकूण गुण १७,०००. सीनियर रँग्लरला मिळाले ७,६३४, म्हणजे ४५ टक्क्यांना किंचित कमीच. दुसऱ्याला ४,१२३. शेवटच्या रँग्लरला सुमारे १,५००, म्हणजे नऊ टक्के. आणि ऑनर्स मिळालेल्यांत सर्वांत शेवटच्याला फक्त २३७! आपल्या घरी एवढे गुण आणले तर आजीने देव पाण्यात ठेवले असते.

याचे कारण सोपे आहे. मुलाला विषय येतो की नाही, एवढेच पाहण्यासाठी ती परीक्षा नव्हती. मुलांना ओळीने उभे करण्यासाठी ती होती. १८५४ साली १६ पेपर, आठ दिवस, साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न होते. कुणालाही सगळे सोडवता येऊ नयेत, अशीच ती रचना. आपल्याकडची ३५ला पास आणि ६०ला पहिला वर्ग ही मोजपट्टी तिथे लावून चालणारच नाही. पेपर कुणी, कशासाठी काढला हे कळल्याशिवाय गुणांना अर्थ नसतो.

पण म्हणून ती पद्धत आदर्श होती, असे मी म्हणणार नाही. तिथेही खाजगी शिकवण्यांचे पेव फुटले होते. आपल्या क्लासेसना नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ऑनर्समध्ये शेवटच्या आलेल्या मुलासाठी पदवीदान समारंभात वरच्या सज्जातून भलामोठा लाकडी चमचा खाली सोडत आणि सगळे हसत. आणि ओळीतला क्रम तरी कितपत खरा? मॅक्सवेल दुसरे आले होते, लॉर्ड केल्व्हिनही दुसरेच. रामानुजनना केंब्रिजला नेणारे हार्डी १८९८ साली चौथे आले. त्यांचा या परीक्षेवर कायमचा राग होता आणि ती बदलावी म्हणून ते भांडलेही. अखेर १९०९नंतर क्रमवारीने नावे जाहीर करणे बंद झाले. रँग्लर आजही होतात, पण पहिला कोण हे यादी सांगत नाही.

परांजपे मात्र भारतात परतून १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि तुटपुंज्या पगारावर वीसहून अधिक वर्षे तिथे राबले. त्यांना ट्रायपॉसमध्ये किती गुण पडले, हे आज कुणीही विचारत नाही.

आता माझी गोष्ट. तेवीस वर्षांपूर्वी परदेशात एम.एस. करताना मी गणिताचा एक अवघड विषय हौसेने घेतला होता. पहिल्या परीक्षेत ३८ पडले. लाजेने मी कुणाशी बोललो नाही, प्राध्यापकांनाही भेटलो नाही आणि त्याच आठवड्यात विषय सोडून दिला. सेमिस्टर संपल्यावर मित्राकडून कळले, की त्या पेपरात वर्गातले सर्वाधिक गुण ५२ होते. पुढे नोकरी चांगली लागली, संसार सुखाचा झाला. तक्रार काहीच नाही. पण तो विषय राहिला तो राहिलाच. हे मी घरी कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन करून सगळे सांगितले, १७,०००पैकी ७,६३४सुद्धा. म्हटले, "बदलायचा तर बदल, पण आधी जाऊन विचार, ४१ म्हणजे किती?" ती प्राध्यापकांना भेटून आली. वर्गाची सरासरी ४४ होती. म्हणजे ती सरासरीच्याही थोडी खालीच! पण दोन सिद्धता कुठे चुकल्या, हे त्यांनी तिला तासभर बसून दाखवले.

विषय तिने अजून सोडलेला नाही.