सुपे, 1875: कर्जाची मुदत आणि एक सही

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेला. त्यांना हवी होती कर्जाची खतं. हे लोण पुढे पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. बऱ्याच ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले की मारहाण टळायची आणि कागदांची होळी व्हायची.

कागदांवरच एवढा राग का? एक कारण 1859 च्या मुदतीच्या कायद्यात आहे. साध्या, नोंदणी न केलेल्या खताच्या कर्जासाठी तीन वर्षांत दावा लावायचा, नाहीतर कोर्ट ऐकणार नाही. हेतू चांगला होता. जुनी देणी उकरून काढली जाऊ नयेत. पण सावकाराने सोपी वाट काढली. तीन वर्षं भरत आली की म्हणायचं, "नवं खत लिहून दे, नाहीतर कोर्टात जातो." मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल. टायमर पुन्हा शून्यावर!

मी सवयीने हिशोब मांडला. समजा 100 रुपये, वर्षाला 24 टक्के सरळ व्याज. 12 वर्षांनी देणं 388. पण दर तीन वर्षांनी खत बदललं, तर सुमारे 875! नवा पैसा हातात एकही नाही.

दंगलींची चौकशी झाली आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात मुदत वाढवली: साध्या खताला सहा वर्षं, नोंदणी केलेल्याला बारा. शिवाय कोर्टाला खतामागचा मूळ हिशोब तपासता येऊ लागला. गंमत बघा, सावकाराला जास्त वेळ देणं हाच कुळाला दिलासा होता!

आज 1963 चा कायदा आहे. साध्या उसन्या पैशांसाठी मुदत बहुतेक वेळा तीनच वर्षं. ती उलटली तरी कर्ज पुसलं जात नाही, फक्त कोर्टातून वसूल करता येत नाही. पण मुदतीच्या आत तुम्ही सही करून देणं लेखी मान्य केलंत, तर घड्याळ नव्याने सुरू. मुदत संपल्यावरही "फेडतो" असं सहीनिशी लिहून दिलंत, तर तो नवा करार ठरू शकतो.

म्हणून वसुलीवाला म्हणाला, "फक्त एक सही करा," तर आधी शेवटच्या हप्त्याची तारीख शोधा, वकिलाला विचारा. सुप्याच्या शेतकऱ्याला ही सवड कुणी दिली नव्हती. भेटू पुढच्या भागात!