सुरक्षा अपडेटनंतर दुसरा प्रोग्राम बंद पडला तर काय करावे?

रात्री विंडोजचे अपडेट झाले आणि सकाळी सेवा केंद्रात अंगठ्याचे मशीन चालेना, डिजिटल सही होईना, कधी तर संगणकच सुरू होईना. अशा वेळी ‘अपडेट कायमचे बंद करून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेले अपडेट ज्यांनी घेतले नव्हते, त्यांच्याच संगणकांत १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर व्हायरस पसरले आणि फाइली कुलूपबंद झाल्या.

असे का होते?

सुरक्षा अपडेट विंडोजच्या गाभ्यात बदल करते. अँटिव्हायरस आणि उपकरणांचे ड्रायव्हर याच गाभ्याशी जोडलेले असतात. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधील त्रुटींसाठी अपडेट आले, तेव्हा काही अँटिव्हायरस गाभ्याची मेमरी मान्य नसलेल्या पद्धतीने वापरत असल्याचे आढळले. अशा संगणकांवर निळा पडदा येऊ लागला. म्हणून आपण सुसंगत असल्याची नोंद अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत केली असेल, तरच अपडेट द्यायचे ठरले. नोंद नसलेल्या संगणकांना पुढच्या महिन्यांची सुरक्षा अपडेटही मिळेनात. म्हणजे संरक्षणासाठी बसवलेला जुना प्रोग्रामच संरक्षण अडवून बसला, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही! विंडोज १० साठी ही अट मार्च २०१८ मध्ये काढली गेली.

तुम्ही काय करावे?

सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मध्ये अपडेटचा इतिहास पाहा. बिघाड त्याच तारखेपासून असेल, तर आधी बंद पडलेल्या प्रोग्रामची किंवा ड्रायव्हरची नवी आवृत्ती त्याच्या उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्या. एका संगणकावर दोन अँटिव्हायरस ठेवू नका. मुदत संपलेला काढून टाका. काम अगदीच अडले असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून फक्त तेवढे एक अपडेट काढा आणि पुढची अपडेट काही दिवसांपुरती थांबवा. तेवढे दिवस त्या संगणकावर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे. नवी आवृत्ती मिळताच अपडेट पुन्हा घ्या. कार्यालयाचा संगणक असल्यास हे सर्व तांत्रिक विभागाला विचारूनच करा.

दरम्यान संगणकात काही शिरल्याची शंका आली, तर ‘सर्ट-इन’च्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर तपासणीची साधने मोफत मिळतात. खात्यातून पैसे गेल्यास तत्काळ १९३० वर फोन करा.