सादरीकरण-प्रशिक्षण (सुरत)

सादरीकरण-प्रशिक्षण : चित्र, आलेख, नमुना किंवा पडद्यावरची स्लाइड यांच्या आधाराने श्रोत्यांपुढे विषय मांडण्याचे शिक्षण. सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या (स्थापना 1961) विद्यार्थ्याला ते सेमिनारसाठी लागते, कापडबाजारातल्या विक्रेत्याला गिऱ्हाइकासाठी.

लोकांसमोर उभे राहून बोलणे आणि शंका अंगावर घेणे सुरतेला नवे नाही. 22 जून 1844 रोजी येथे मानवधर्मसभा ही समाजसुधारक संस्था स्थापन झाली. दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग तर्खडकर, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे तिचे पाच प्रमुख. पाचांचीही नावे ‘द’ने सुरू होत, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. सभेने मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले होते : सामर्थ्य असेल तर सर्वांदेखत करून दाखवा. नुसत्या दाव्यावर न थांबता पुरावा डोळ्यांपुढे मागणारी ही रीत आजच्या कुठल्याही कार्यशाळेत शोभेल. मराठी व्याकरणकार दादोबा तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत. 1846 मध्ये ते मुंबईला गेले, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यांच्याकडे आले आणि इकडे सभा ओसरत गेली.

चित्र दाखवत बोलण्याचा मराठी वारसा मात्र कोकणातला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतले एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून कथा सांगतात. पुढचे चित्र त्याची वेळ येईपर्यंत झाकलेले राहते. पंचवीस मुद्दे एकदम पडद्यावर फेकणाऱ्याने हे एकदा पाहावेच.

सुरतेच्या धंद्यांची अडचण वेगळी आहे. महिधरपुऱ्याच्या हिराबाजारात दलाल कागदाची पुडी उलगडतो, चिमट्याने हिरा उचलतो, समोरचा भिंग डोळ्याला लावतो. एका माणसाला दाखवायला एवढे पुरे. तोच हिरा किंवा साडीची वीण साठ जणांच्या सभागृहात मागच्या रांगेला दिसतच नाही. म्हणून पडद्यावर जवळून घेतलेला मोठा फोटो दाखवावा आणि खरा नमुना बोलणे संपल्यावर हातोहात फिरवावा. मध्येच फिरवला की अर्धा वर्ग त्यालाच चाचपत बसतो.

स्लाइड चुकली तर काय होते, याचे कठोर उदाहरण अंतराळवीर कल्पना चावला ज्यात होत्या त्या कोलंबिया अंतराळयानाचे. उड्डाणावेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला. अभियंत्यांच्या एका स्लाइडवर, अगदी शेवटच्या ओळींत लिहिले होते की आदळलेला तुकडा अंदाजे 1920 घनइंचांचा आणि ज्या चाचणीवर अंदाज बांधला तिच्यातला फक्त 3 घनइंचांचा. वरचा मथळा मात्र दिलासा देणारा होता. 1 फेब्रुवारी 2003 रोजी यान परतताना नष्ट झाले. तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडींवर विसंबण्याच्या सवयीवर चौकशी मंडळाने थेट टीका केली.

प्रशिक्षणाचा क्रम त्यामुळे उलटा ठेवलेला बरा. आधी पडद्याविना बोलायला लावावे. जिथे शब्द अपुरे पडतील तिथेच चित्र घालावे. मथळा ‘निकाल’ असा नको, निष्कर्ष सांगणारे पूर्ण वाक्य हवे. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचू नये : चित्र समोर असताना डोळे आणि कान एकाच वाक्यात गुंतले की आकलन घटते, असे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसले आहे. सराव मोबाइलवर चित्रित करून आधी आवाज बंद ठेवून पाहावा. श्रोत्यांकडे पाठ किती वेळ होती, हे लगेच कळते. शेवटी सहाध्यायांनी आडवे प्रश्न विचारायचे. हा भाग वेळेअभावी गाळला जातो, आणि नेमके तिथेच विद्यार्थी अडखळतो.

सुरतेत आणखी एक पेच असतो. लिंबायत, उधना भागातली कितीतरी मुले महापालिकेच्या मराठी शाळांतून येतात, गुजराती-हिंदीत वावरतात आणि महाविद्यालयात त्यांना इंग्रजीत बोलावे लागते. शिक्षकांनी त्यांच्याकडून पहिली तालीम मराठीत करून घ्यावी आणि विषय पक्का झाल्यावरच इंग्रजीकडे वळावे.