आसन, सावली आणि शाळा

शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा केव्हा निघाली, कोणी काढली आणि तीत किती मुले दाखल झाली, एवढे आपण नोंदवितो. दाखल झालेले मूल वर्गात कोठे बसले, कशावर बसले आणि कोणाशेजारी बसले, याची नोंद सहसा होत नाही. वास्तविक प्रवेश आणि आसन या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवेश हजेरीपटावर मिळतो. आसन वर्गात मिळावे लागते. या दोहोंमधील अंतर कापण्यास महाराष्ट्राला जवळजवळ एक शतक लागले.

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या या स्त्रीने मराठीला अभंगांचे थोर धन दिले. परंतु तिच्या काळी तिला बसता येईल अशी पाठशाळा नव्हती. त्याच गंगाखेड तालुक्यात आज गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. या शाळांत बाक हवेत की सतरंज्या, अंगणात झाडे किती आणि कोणती असावीत, हे विचार आता ठिकठिकाणी होत आहेत. हे प्रश्न केवळ खर्चाचे अथवा सुशोभनाचे नाहीत. त्यांच्यामागे मोठा इतिहास उभा आहे. तो ध्यानी न घेता निर्णय केला तर जुनी चूक नव्या रूपात परत येण्याचा संभव आहे.

विनयातील आसनविचार

विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील सहावा खंधक ‘सेनासन’ या नावाने ओळखला जातो. सेनासन म्हणजे शयन आणि आसन. विहार, मंच, पीठ, बिछाने, बैठका यांविषयीचे नियम त्यात आहेत. अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेऊन संघास अर्पण केल्याची कथाही याच खंधकात येते. आसन आणि वन यांचा विचार एकाच प्रकरणात व्हावा, हे लक्षणीय आहे.

याच खंधकात एक प्रसंग आहे. संघ श्रावस्तीच्या वाटेवर असताना काही भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे धावून निवासाच्या सर्व जागा अडविल्या. मागाहून आलेल्या सारिपुत्तांना जागा उरली नाही. त्यांनी ती रात्र एका वृक्षाखाली काढली. पहाटे त्यांचा खोकला ऐकून तथागतांना ही गोष्ट कळली. त्यांनी संघ एकत्र केला आणि विचारले, की श्रेष्ठ आसन, श्रेष्ठ उदक आणि श्रेष्ठ भिक्षान्न यांस पात्र कोण? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेला. तथागतांनी ही उत्तरे स्वीकारली नाहीत. एका वटवृक्षाच्या आश्रयाने राहणाऱ्या तित्तिर, वानर आणि हत्ती या तिघांची कथा सांगून त्यांनी मानाचा क्रम ज्येष्ठत्वावर ठरविला, कुळावर नव्हे. आसनाच्या वाटपातून जातीला वगळण्याचा हा नियम भारतीय इतिहासात फार मोलाचा आहे.

याहूनही सूक्ष्म असा एक नियम पुढे येतो. समान दर्जा नसलेल्या भिक्खूंनी एका आसनावर बसावे की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा दीर्घासनावर तसे बसण्यास अनुमती देण्यात आली. आणि तीन जण बसू शकतील ते सर्वांत लहान दीर्घासन, असे मापही ठरले. लांब बाकाचा सामाजिक अर्थ येथे स्पष्ट होतो. खुर्ची माणसाला वेगळे करते, बाक त्यांना एकत्र आणते. अर्थात या अनुमतीतून स्त्रियांना वगळलेले होते, हेही इतिहासकाराने प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

पाचित्तिय नियमांतही हा विचार दिसतो. संघाच्या मालकीचे मंच किंवा पीठ उघड्यावर टाकून, ते न आवरता निघून जाणे हा दोष ठरविला आहे. नव्या मंचाच्या व पीठाच्या पायांची उंची आठ सुगत-अंगुलांची मर्यादा ओलांडू नये, असा नियम आहे. ओलांडल्यास पाय कापून घ्यावयाचे. आणि वृक्ष-वनस्पतींची तोड करणे हाही दोषच मानला आहे. वस्तू सर्वांची असेल तर तिची निगा सर्वांनी राखावी, तिचे माप ठरलेले असावे आणि तिच्यासाठी वृक्षाचा निष्कारण नाश होऊ नये, ही तीन सूत्रे या नियमांतून मिळतात. आजच्या शाळेच्या सामानालाही ती जशीच्या तशी लागू पडतात.

लेण्यांतील बाक

हे नियम केवळ ग्रंथात राहिले नाहीत. त्यांच्या खुणा महाराष्ट्राच्या पाषाणात आहेत. वेरूळ येथील पाचव्या क्रमांकाचे बौद्ध लेणे सुमारे ११७ फूट लांब आहे. त्याच्या मध्यभागी, दालनाच्या संपूर्ण लांबीभर, खडकातच कोरलेले दोन ठेंगणे, समांतर बाक आहेत. कान्हेरीच्या ‘दरबार’ नावाने प्रसिद्ध असलेल्या अकराव्या लेण्यातही असेच बाक आढळतात. ते भोजनासाठी असावेत असे काही अभ्यासक मानतात, तर पठन-पाठनासाठी असावेत असे काहींचे मत आहे. उपयोग कोणताही असो, रचना एकच गोष्ट सांगते. एका ओळीत, एका उंचीवर, सर्वांनी बसावयाचे. त्या बाकावर उंच जागा नाही आणि कोपराही नाही.

वेरूळचे हे लेणे ‘महारवाडा’ या नावाने ओळखले जाते. ज्या समाजाच्या वस्तीचे नाव या लेण्याला चिकटले, त्याच समाजाच्या मुलांना पुढे शाळेतील बाकावर बसण्यास मज्जाव झाला, ही इतिहासातील एक विदारक विसंगती होय.

गोणपाटाचा तुकडा

इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा निघाल्या आणि प्रवेशाचा प्रश्न उपस्थित झाला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू करून आणि पुढे अस्पृश्यांसाठी शाळा काढून आपले उत्तर दिले. सरकारचे उत्तर मात्र डळमळीत होते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारण्यात आला. त्यावर बराच पत्रव्यवहार झाला आणि १८५८ मध्ये, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेस खुल्या राहतील, असे धोरण जाहीर झाले. कागदावर दार उघडले. आत बसण्याची जागा मात्र कागदाने ठरविली नव्हती. ती गावाच्या रूढीने ठरविली. कोठे ओसरी, कोठे दाराबाहेरची पायरी, कोठे वर्गाचा कोपरा, अशी ती जागा होती.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय विद्यालयात भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. म्हणजे प्रवेश मिळाला. पण आसन? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी आपल्या शालेय दिवसांची हकीकत दिली आहे. वर्गातील क्रमाप्रमाणे सवंगड्यांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयास गोणपाटाचा स्वतंत्र तुकडा होता. शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे. म्हणून तो तुकडा सायंकाळी घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे.

या हकीकतीचा विचार शालेय सामानाच्या दृष्टीने केला पाहिजे. इतर मुलांचे आसन शाळेचे होते. या मुलाचे आसन त्याचे त्यालाच वाहावे लागत होते. इतरांच्या जागेची झाडलोट शाळा करीत होती. याच्या जागेची जबाबदारी शाळेने नाकारली होती. संघाचे पीठ संघाने आवरावे, हा विनयाचा नियम आठवला म्हणजे या नकाराची खोली कळते.

याच सुमारास, १९०१ मध्ये, रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतन येथे शाळा सुरू केली. तेथे मुले झाडाखाली, भुईवर बसून शिकत. भूमी तीच, परंतु एका ठिकाणी भुईवर बसणे हा सर्वांनी मिळून केलेला स्वीकार होता, दुसऱ्या ठिकाणी ती एकट्यावर लादलेली शिक्षा होती. भुईवर बसण्यात हीनता नाही. एकट्यालाच भुईवर बसविण्यात ती आहे.

कायदा आणि नागसेनवन

स्वतंत्र भारताच्या कायद्याने प्रवेश आणि आसन यांतील भेद नेमका ओळखला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाच्या पाचव्या कलमात दोन अपराध वेगवेगळे सांगितले आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणे हा एक, आणि प्रवेश दिल्यानंतर भेदभावाची कोणतीही कृती करणे हा दुसरा. गोणपाटाचा तुकडा या दुसऱ्या अपराधात मोडतो. १९७६ च्या दुरुस्तीने हा कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला.

मराठवाड्याची स्थिती याहून बिकट होती. हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये तो मुक्त झाला. पदवीच्या शिक्षणासाठी येथील मुलांना दूर हैदराबादला जावे लागे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. महाविद्यालयास ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसरास ‘नागसेनवन’. प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव वास्तूला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव वृक्षांना, असा हा नामकरणाचा अर्थ लावता येईल. उघड्या माळावर झाडे वाढावीत, याकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष होते. भेटीस येणाऱ्याने झाड लावावे असा त्यांचा आग्रह असे, ही आठवण नागसेनवनात आजही सांगितली जाते. परभणी, नांदेड, बीड या जिल्ह्यांतून आलेल्या दलित व गरीब मुलांना येथे वसतिगृह, बाक आणि सावली ही तिन्ही एकाच आवारात लाभली. ज्यांनी गोणपाटाचा तुकडा बगलेत धरून शिक्षण घेतले, त्यांनीच पुढच्या पिढीसाठी केवळ बाक न मांडता वन उभे केले, ही गोष्ट फार मोठी आहे.

आजची शाळा

आता पुन्हा गंगाखेडकडे वळू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खडू-फळा मोहिमेद्वारे प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, फळे, नकाशे व खेळणी देण्याचे ठरविले. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण यांची गणना आहे. बाकाचे नाव मात्र त्या इमारतीच्या यादीत नाही, आणि झाडाचेही नाही. शाळा सुंदर व हिरवी करण्याच्या शासकीय मोहिमा त्यानंतर निघाल्या. २०२३ मध्ये जाहीर झालेले ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान त्यांपैकीच एक होय. या मोहिमा स्वागतार्ह आहेत. तथापि रंगविलेली भिंत आणि दारातील कुंड्या म्हणजे हिरवी शाळा नव्हे.

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसणाऱ्या मुलाला सावली हीच पहिली गरज आहे. म्हणून शाळेच्या पश्चिमेस कडुनिंब व करंज यांची रांग असावी. पिंपळ अवश्य लावावा, परंतु भिंतीपासून दूर. कारण त्याची मुळे बांधकाम फोडतात. बाक करताना पहिलीच्या व सातवीच्या मुलांना एकच माप लावू नये. पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात राहिले पाहिजेत. गाडी आणि औते यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले बाभळीचे लाकूड आपल्या भागात आहे; त्याचा बाक गावचा सुतार घडवू शकतो आणि मोडल्यास दुरुस्तही करू शकतो. दुरुस्त होणारी वस्तू नवे झाड तोडण्याचा प्रसंग लांबणीवर टाकते. जेथे बाक परवडत नाहीत तेथे सतरंजी चालेल. मात्र ती एकसंध असावी, शाळेची असावी आणि सर्वांनी तीवरच बसावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न बाकावर कोण बसते हा आहे. मागचा बाक हा पुष्कळदा नव्या काळातील कोपराच असतो. कोणता मुलगा कायम तेथे बसतो, त्याचे आडनाव काय आणि त्याची वस्ती कोणती, हे शिक्षकाने स्वतःशी तपासून पाहावे. दर आठवड्यास ओळी बदलल्या तर त्यास एक पैसाही खर्च येत नाही. या तालुक्याच्या डोंगराळ भागातून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही पुष्कळ मुले आईबापांबरोबर फडावर जातात. उन्हाळ्याच्या तोंडी ती परततात तेव्हा हजेरीपटावर त्यांचे नाव असते, बाकावर जागा मात्र राहिलेली नसते. प्रवेश आहे, आसन नाही, ही जुनीच अवस्था येथे नव्या कारणाने उभी राहते. ती जागा राखून ठेवणे हे शाळेचे कर्तव्य आहे.

मिलिंद राजाला नागसेनांनी रथाचे उदाहरण दिले होते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. या अंगांच्या योगानेच ‘रथ’ हे नाव प्राप्त होते. शाळेचेही तसेच आहे. केवळ छप्पर, केवळ बाक किंवा केवळ झाड म्हणजे शाळा नव्हे. एका सावलीत, एका उंचीवर, सर्व मुले शेजारी शेजारी बसली, म्हणजे त्या जागेला ‘शाळा’ हे नाव सार्थपणे देता येते. गंगाखेड तालुक्यातील, किंबहुना महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेने नवे बाक आणताना आणि नवी रोपे लावताना स्वतःस एवढेच विचारावे, की आपल्या वर्गात आज कोणाच्या बगलेत गोणपाटाचा तुकडा उरला आहे काय?