थ्री-नॉट-थ्रीचं लाकूड

‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव आपल्याकडे कधीही बंदूक हातात न धरलेल्या माणसालाही माहीत असतं. जुन्या हिंदी सिनेमातल्या हवालदाराच्या खांद्यावर ती असायची, पोलीस ठाण्याच्या पहाऱ्यावर असायची. तुम्ही एनसीसीत असाल, तर ड्रिलसाठी मिळणारी ती जड, गोळी न सुटणारी ‘डीपी’ रायफल बहुधा हीच.

तिचं खरं नाव ली-एन्फिल्ड. यातला ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला संशोधक. एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, जिथे ब्रिटिश सरकारचा शस्त्रांचा कारखाना होता. १८५७ साली ज्या रायफलीच्या काडतुसांवरून भडका उडाला, तिलाही याच गावाचं नाव होतं. रस्त्यावर धडधडत जाणाऱ्या रॉयल एन्फिल्ड बुलेटमधलं एन्फिल्डही हेच. तिची मूळ कंपनी सायकली बनवायची आणि या कारखान्याला रायफलीचे सुटे भाग पुरवायची. नाव तिथूनच आलं.

या रायफलीवर जे लिहिलं जातं ते बहुतेक तिच्या लोखंडाबद्दल असतं: नळी, बोल्ट, दहा गोळ्यांचं मॅगझिन, ०.३०३ इंचाचा व्यास. या लेखाचा विषय मात्र तिचं लाकूड आहे. शंभर वर्षांची रायफल एखाद्या संग्राहकाच्या किंवा संग्रहालयाच्या हाती येते तेव्हा तिचं लाकूड काळंकुट्ट, तेलकट, पोचे आणि ओरखडे पडलेलं असतं. त्याचं काय करायचं? प्रश्न सुतारकामाचा वाटतो, पण उत्तर शोधायला इतिहासात शिरावं लागतं.

अक्रोड आणि जवस

१९०७ साली या रायफलीची सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती आली, मार्क थ्री. वजन जवळपास चार किलो. तिचं लाकूड प्रामुख्याने दोन तुकड्यांत असतं. मागचा तुकडा खांद्याला टेकतो, तो दस्ता. फौजेत आणि पोलिसांत त्याला ‘बट’ म्हणतात. पुढचा लांब तुकडा नळीला खालून धरून ठेवतो. नळीच्या वरही लाकडी आवरण असतं, कारण भराभर गोळ्या झाडल्या की नळी इतकी तापते की उघड्या हाताने धरवत नाही.

हे लाकूड सुरुवातीला अक्रोडाचं असे. अक्रोड फार जड नाही, गोळीचा झटका सोसतो, आणि नीट सुकवलेला असेल तर सहसा वाकत-पिळवटत नाही. लढाया लांबल्या तसा तो पुरेना. मग बीच, बर्च अशी लाकडं आली. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने तिथलं कोचवूड नावाचं लाकूड वापरलं. ते जरा मऊ पडायचं, म्हणून झटका बसतो त्या जागी आत तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठच्या इशापूर कारखान्यातही ही रायफल बनत होती. तिथल्या कारागिरांनी पुढचं लाकूड फाटू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घातला. जगभरचे संग्राहक आजही त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात.

लाकूड टिकवायचं ते जवसाच्या तेलाने. नवी क्रिकेट बॅट घेतल्यावर जे तेल चोळतात तेच. शिपायाने ते हाताने चोळायचं, जिरवायचं, पुसायचं, आणि पुन्हा काही दिवसांनी तेच करायचं. हे तेल खोबरेल तेलासारखं कायम ओलं राहत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात पाणी शिरणं बऱ्याच अंशी रोखतं.

इथे आपल्या शेतांचा संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून ब्रिटनला प्रचंड जवस जात असे. विदर्भ आणि मध्य प्रांतातला जवस मुंबई बंदरातून बोटीवर चढायचा, आणि लंडनच्या बाजारात ‘बॉम्बे लिनसीड’ हा मालाचा एक ओळखीचा प्रकार होता. त्यातलं कुठलं तेल कुठल्या रायफलीला लागलं हे सांगता येणार नाही. पण साम्राज्याच्या शिपायाची रायफल ज्या तेलावर टिकत होती, त्याचं बी आपल्याकडच्या काळ्या जमिनीतही पिकत होतं.

लाकडावर काय लिहिलेलं असतं

वर्षानुवर्षं चोळलेलं तेल, हातांचा घाम, धूळ आणि नळीचं ग्रीस यांनी लाकूड काळपट तांबूस होतं. त्या थराखाली बरंच काही दडलेलं असतं.

माणसांची उंची आणि हातांची लांबी सारखी नसते, म्हणून दस्ते वेगवेगळ्या लांबीचे बनायचे: साधा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि एक इंच आखूड. त्यांवर ‘एल’, ‘एस’, ‘बी’ अशी अक्षरं ठोकलेली असत. ‘बी’ म्हणजे बँटम. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने पाच फूट तीन इंचांपेक्षा बुटक्या माणसांच्या खास पलटणी उभ्या केल्या, त्यांना बँटम म्हणत. म्हणजे लाकडावरच्या एका अक्षरावरून तो दस्ता कशा बांध्याच्या माणसासाठी होता याचा अंदाज येतो.

दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळेची चकती असायची. तिच्यावर पलटणीचं नाव आणि रायफलीचा अनुक्रमांक ठोकत. युद्ध सुरू झाल्यावर काम वाचवायला ही चकती बंद झाली. तिच्याऐवजी भोक तेवढं राहिलं किंवा तेही राहिलं नाही. दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीला छोटं झाकण असतं. आतल्या पोकळीत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवत.

काही दस्त्यांवर लाकडाची ठिगळं दिसतात. फुटलेला कोपरा चौकोनी किंवा कबुतराच्या शेपटीच्या आकारात कापून तिथे नवा तुकडा इतका घट्ट बसवलेला असतो की बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. हे पलटणीतल्या आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं काम. अख्खा दस्ता टाकून देणं परवडत नसे. अशा ठिगळावर कारागिराचं नाव कधीच नसतं, पण त्याचं काम शंभर वर्षांनीही धरून असतं.

दुरुस्ती कशी करतात

हे काम आज मुख्यतः ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथले संग्राहक आणि संग्रहालयांचे जतनकर्ते करतात. भारतात .३०३ हा निषिद्ध बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही.

पहिला नियम, सुटे करण्याआधी फोटो. दुसरा नियम या रायफलीपुरता खास आहे. दस्ता ज्या लांब बोल्टने आवळलेला असतो, त्याचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकवलेल्या एका पट्टीत बसतं. म्हणून पुढचं लाकूड आधी काढायचं आणि मग दस्त्याला हात लावायचा. घाईत उलट केलं तर फिरणारं टोक पुढच्या लाकडाला आतून फाडतं. अशा चिरा गेलेली लाकडं संग्राहकांना नेहमी भेटतात.

मग मळ काढायचा. द्रावकाने भिजवलेल्या फडक्याने वरचा चिकट थर निघतो. खोल मुरलेलं ग्रीस ओढून काढायला खडूच्या पुडीचा लेप देतात. पोचे वर आणायला ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवतात. पोचा पडतो तेव्हा लाकडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. वाफ लागली की ते फुगतात आणि खड्डा बराचसा भरून येतो. तंतू कापले गेले असतील तर मात्र वाफ काही करू शकत नाही.

शेवटी जवसाचं तेल, अगदी थोडं, अनेक दिवस. इथे एक धोका आहे आणि तो घरच्या फर्निचरलाही लागू आहे. हे तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

या सगळ्यात पॉलिश पेपरचं नाव आलेलं नाही, आणि खरा वाद तिथेच आहे. पॉलिश पेपर मारला की तासाभरात लाकूड सोनेरी दिसतं, फोटो छान येतो. पण ठोकलेली अक्षरं पुसट होतात, धारदार कडा गोल होतात, आणि जे लाकूड पितळी पट्टीशी एका पातळीत होतं ते तिच्यापेक्षा खाली जातं. घासलेलं लाकूड परत आणता येत नाही.

खरवडण्याविरुद्ध

हा वाद रायफलींपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये जुनी चर्चेस ‘मूळ रूपात’ आणण्याच्या नावाखाली भिंतींचे जुने थर खरवडून काढत होते. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिला लोक ‘अँटी-स्क्रेप’ म्हणत, म्हणजे खरवडविरोधी मंडळी. त्यांचं म्हणणं असं, की मधल्या काळाने इमारतीवर जे केलं तेही तिचंच आहे. १९०३ साली व्हिएन्नाच्या अलॉइस रीगलने वास्तूच्या ‘वयाचं मूल्य’ असा वेगळा विचार मांडला. वस्तू जुनी झाली आहे हे दिसण्यालाही किंमत असते, आणि ती कळायला अभ्यासक असण्याची गरज नसते.

रायफलीत हे कसं दिसतं त्याचं उदाहरण लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. तिथली एक ली-एन्फिल्ड आधी ब्रिटिशांच्या एसेक्स रेजिमेंटकडे होती. गॅलिपोलीच्या लढाईत ती तुर्कांनी जिंकली आणि तिच्या धातूवर सोन्याच्या अक्षरांत तसं कोरलं. एन्वर पाशाने ती अमीर फैसलला भेट दिली. फैसल पुढे तुर्कांविरुद्धच उठला आणि त्याने ती टी. ई. लॉरेन्सला दिली, ज्याला आपण सिनेमामुळे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतो. लॉरेन्सने लाकडावर स्वतःची आद्याक्षरं आणि ४-१२-१६ ही तारीख कोरली, आणि मॅगझिनजवळ खाचा पाडल्या. त्या खाचा त्याने मारलेल्या माणसांच्या. कुणी हे लाकूड ‘सुंदर’ करायचं म्हणून घासलं असतं, तर लॉरेन्सने काय केलं आणि त्याचा हिशेब कसा ठेवला, याचा पुरावाच गेला असता.

ज्याची खूण राहत नाही

पण लाकडावर सगळंच उमटत नाही.

१९१६ च्या एप्रिलमध्ये इराकमधल्या कुतला सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. उपासमारीने खंगलेल्या त्या शिपायांच्या हातातही ली-एन्फिल्डच होत्या. तीन वर्षांनी, १३ एप्रिल १९१९ रोजी, अमृतसरच्या जालियनवाला बागेत ५० शिपायांनी १६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. काडतुसं .३०३ चीच होती, आणि चाप ओढणारे शिपाई नेपाळचे आणि हिंदुस्थानातलेच होते.

त्या ५० रायफलींच्या लाकडावर त्या दिवसाची कसलीही खूण उमटली नसणार. संध्याकाळी त्या पुसल्या गेल्या असतील, तेल लावलं गेलं असेल, जसं रोज लागायचं. कुतची रायफल आणि अमृतसरची रायफल शेजारी ठेवली तर लाकडावरून फरक सांगता येणार नाही. म्हणून लाकडाला साक्षीदार म्हणताना बेताने म्हणावं. उरलेली खूण जपणं आपल्या हाती असतं. न उरलेलं कागदपत्रांतून आणि लोकांच्या आठवणींतून शोधावं लागतं. लखलखीत केलेला दस्ता दिवाणखान्याची शोभा होतो आणि मग ते शोधायची इच्छाच उरत नाही.

मग काहीच करू नये का? तसंही नाही. कुजणारं लाकूड तसंच ठेवलं तर वस्तूच राहणार नाही. वाढत जाणारी चीर थांबवावी लागते, लाकूड पोखरणारी कीड मारावी लागते. आर्मररही तेच करत होता. चांगले जतनकर्ते साधारण असा हिशेब ठेवतात: जे नुकसान अजून चालू आहे ते थांबवायचं, जे होऊन गेलं आहे ते राहू द्यायचं, आणि जे नवीन घालू ते पुढच्या माणसाला काढता यावं असं घालायचं.

आपल्याकडे ही रायफल आत्ता-आत्तापर्यंत कामात होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांकडे स्वयंचलित बंदुकांसमोर हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात समारंभाने निरोप दिला. अशा निवृत्त रायफलींपैकी काही संग्रहालयांत आणि पोलीस मुख्यालयांच्या काचेच्या कपाटांत येतील. त्या चकचकीत वॉर्निश लावून येतात, की हवालदारांच्या तळहातांनी काळ्या पडलेल्या दस्त्यांसकट येतात, हे कपाट लावणाऱ्यावर अवलंबून असेल.

तुमच्या घरात रायफल नसेल. पण आजीची पोळपाट-लाटणी, माळ्यावरची संदूक, जुन्या दाराची चौकट यांपैकी काहीतरी असेल. कुणीतरी एक दिवस पॉलिश पेपर घेऊन बसेलच. त्याआधी फोन काढा, उजेडात प्रत्येक बाजूचा फोटो घ्या, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की ही खूण कशाची.