नोकरी गेलेला कुत्रा

कुत्रा हा प्राणी मूळचा नोकरदार. मांजराला आपण उगीच सेवेत धरतो. त्याने उंदीर मारले ते स्वतःच्या पोटासाठी, आपल्या धान्यासाठी नव्हे. कुत्र्याचं तसं नाही. राखण करणं, शिकार शोधून काढणं, मेंढरं वळवणं, बर्फावरून गाड्या ओढणं, अशी त्याने हजारो वर्षं चाकरी केली आणि पगार घेतला तो शिळ्या भाकरीच्या रूपाने. मग गेल्या दीडदोनशे वर्षांत आपण त्याला एकेका कामावरून कमी करत गेलो. आता त्याला दोन वेळचं आयतं मिळतं, पाणी मिळतं, निजायला गादी मिळते. करायला मात्र काही उरलेलं नाही. म्हणजे पेन्शन चालू आणि काम बंद. ही अवस्था काय असते ते मी सांगू शकतो. मी बँकेतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, आणि पहिले सहा महिने मीही घरातल्या वस्तूंची अशीच नासधूस करत होतो. फक्त माझ्या नासधुशीला घरात ‘दुरुस्ती’ म्हणत.

हा इतिहास मी का उकरत बसलो, तर आमच्याकडे बन्या आला म्हणून. बन्या हा बीगल जातीचा कुत्रा. चिरंजीवांनी तो बंगळुरात घेतला, त्याचं नाव ब्रूनो ठेवलं, दोन वर्षं सांभाळला आणि मग कंपनीने त्यांना कॅनडात पाठवलं तेव्हा तो आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून सोडला. सोबत एक पट्टा, दोन वाडगी आणि ‘बाबा, फक्त सहा महिने हं!’ एवढं आश्वासन. सौभाग्यवतींनी आठवडाभरात ब्रूनोचा बन्या केला. ग्रीक पंडित झेनोफन याने शिकारीवरच्या आपल्या पुस्तकात कुत्र्याचं नाव आखूड असावं, हाक मारायला सोपं पडावं असं बजावून वर सत्तेचाळीस नावांची यादीच दिली आहे. त्या यादीत बन्या नाही, पण नियमात बसतो.

बन्या दिवसभर झोपे आणि दुपारी दोन वाजता रडू लागे. रडू लागे म्हणजे भुंकत नसे; मान वर करून लांबलचक हेल काढी. तासभर. मधेच थांबून ऐके आणि पुन्हा सुरू करी. उरलेल्या वेळात त्याने सोफ्याचा एक हात, माझी एक चप्पल (डावी, उजवीला त्याने कधी तोंड लावलं नाही) आणि विम्याची कागदपत्रं खाल्ली. खालच्या मजल्यावरची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिचे वडील गृहस्थ माणूस, दोन महिने काही बोलले नाहीत. मग एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “काका, कुत्रा गोड आहे हो. पण महिन्याभरात काहीतरी करा. कार्यकारिणीत विषय आलाय.”

‘काहीतरी करा’चा अर्थ आम्हाला समजत होता. सौ.च्या चुलत भावाची चिपळूणकडे वाडी आहे. तिथे आवारात बांधायला कुत्रा हवाच होता. बांधायला!

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बन्याला उलटासुलटा करून तपासला आणि म्हणाल्या, “आजोबा, तब्येत एकदम ठणठणीत आहे. ह्याचं नाक रिकामं आहे, एवढंच.”

रिकामं नाक हा आजार मी प्रथमच ऐकत होतो. म्हणून मग पुस्तकं उघडली. आमच्या पिढीला कुठलाही प्रश्न पडला की आधी त्याचा इतिहास पाहायची खोड आहे. तेवढ्यात निम्मे प्रश्न आपोआप शिळे होतात.

पहिला धक्का बसला तो इंग्रजांच्या स्वयंपाकघरात. सोळाव्या शतकात तिथे एक टर्नस्पिट नावाचा कुत्रा होता. लांब अंगाचा, आखूड वाकड्या पायांचा, तोंडावर कायम उधारी थकल्यासारखा भाव. चुलीशेजारी भिंतीवर उंच एक लाकडी चाक बसवलेलं असे, खारीच्या पिंजऱ्यात असतं तसं. कुत्रा त्यात चढवायचा. तो धावू लागला की चाक फिरे, चाकाची साखळी चुलीपुढच्या सळईला जोडलेली असे, आणि सळईवरचा मांसाचा मोठा तुकडा सगळीकडून सारखा भाजून निघे. डोळ्यांपुढे मांस, नाकात त्याचा वास, आणि धावायचं जागच्या जागी! डॉ. जॉन कीझ नावाच्या विद्वानाने 1570 साली लॅटिनमध्ये इंग्लंडातल्या कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात या कुत्र्याची नोंद आहे; हे काम कुठल्याही गड्यापेक्षा तो चोख करतो, असं प्रशस्तिपत्रकही आहे. याच कीझसाहेबांनी बायकांच्या मांडीवरच्या छोट्या कुत्र्यांची मात्र टर उडवली आहे. आणि टर उडवता उडवता, पोट बिघडलं असेल तर असं कुत्रं पोटाशी धरावं, आराम पडतो, असाही उपाय सांगून ठेवला आहे. डॉक्टर ते डॉक्टरच.

पुढे चुलीच्या धुराच्या झोतावर आणि घड्याळासारख्या किल्लीवर सळया फिरू लागल्या आणि टर्नस्पिट बेकार झाला. एकोणिसावं शतक सरेपर्यंत त्याची जातही संपली. वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात त्यातला एक पेंढा भरून काचेत ठेवला आहे. त्याचं नाव व्हिस्की.

दुसरी कपात रस्त्यावर झाली. इंग्लंडात पाववाले, खाटीक, फेरीवाले आपल्या लहान गाड्या कुत्र्यांना जुंपत. 1839 च्या कायद्याने लंडनमध्ये आणि 1854 मध्ये देशभर त्यावर बंदी आली. कारणं चांगलीच होती, फार हाल होत त्या जनावरांचे. पण तारखा पुढे पाहत चला: पाचच वर्षांनी, 1859 साली, न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. 1860 साली लंडनमध्ये बेवारशी कुत्र्यांसाठी आश्रम निघाला, तोच पुढे बॅटरसीला गेला. 1873 साली केनेल क्लब स्थापन झाला. आता कुत्रा काय करतो हे विचारायचं नाही. कान किती लांब आहेत ते पाहायचं. मुलगा कमावतो किती हे सोडून नाक कसं आहे हे पाहणाऱ्या स्थळासारखी गत.

आपल्याकडे हा मान आधीच देऊन झाला होता. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला. ग्रँट डफने आपल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे की महाराजांनी त्या कुत्र्याला रीतसर सनद देऊन जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. पालखी मिळाली की पायांचं काम संपलं, हे कुत्र्यांइतकंच सरदारांनाही लागू आहे. पण तो निराळ्या लेखाचा विषय. खंड्याला मान मिळाला तो काम केल्यावर, एवढं इथे पुरे.

आणि धनगरांचा कुत्रा पाहा. दिवाळी झाली की साताऱ्याकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडावर परत चढतात. कुत्रा बरोबर चालतो आणि रात्री लांडग्यांसाठी जागा राहतो. ‘याला रोज किती मिनिटं फिरवावं?’ असं त्या धनगराला विचारून पाहा. तो तुम्हालाच दोन घास खायला घालील, उन्हाने डोकं फिरलंय समजून.

फिरवण्याचा प्रश्न उभा राहिला तो कुत्रा बांधून ठेवायला लागल्यावर, आणि तोही आजचा नाही. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा एरियन आपल्याला शाळेपासून माहीत असतो; पोरसाची हकीकत त्याच्याकडूनही येते. याच एरियनने दुसऱ्या शतकात शिकारी कुत्र्यांवरही पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की कुत्र्यांना दिवसातून निदान चार वेळा सोडून सपाट, स्वच्छ माळावर न्यावं आणि मनसोक्त बागडू द्यावं. चार वेळा! 2020 साली जर्मनीच्या सरकारने नियम सुचवला की कुत्र्याला रोज दोनदा मिळून किमान तासभर बाहेर नेलंच पाहिजे, तर सगळा देश हसला की आता पोलीस घड्याळ लावून बसणार काय. अखेर तासाचा उल्लेख गाळला आणि ‘पुरेसं’ असा शब्द घालून नियम झाला. ‘पुरेसं’ हा शब्द सरकारी लिखाणात किती पुरतो हे मी छत्तीस वर्षं पाहिलं आहे.

एरियनची स्वतःची एक कुत्री होती, होर्मे नावाची. हा माणूस सेनापती, रोमन साम्राज्यातल्या एका प्रांताचा सुभेदार. पण होर्मेबद्दल लिहायला लागला की सुभेदारी विसरतो. मी व्यायामशाळेत जातो तेव्हा ती येते, शेजारी बसून राहते. परतताना पुढे चालते आणि वारंवार मागे वळून पाहते, मी रस्ता सोडून कुठे गेलो तर नाही ना म्हणून. थोडा वेळ जरी दिसलो नाही तरी भेटल्यावर हलकेच उडी मारून आवाज काढते. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचं हे लिखाण मी सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे त्या सुभेदाराला घरी दुसरं कुणी बोलायला नव्हतं.”

मग बीगलचा मजकूर सापडला आणि मी चश्मा पुसून पुन्हा वाचला. हा कुत्रा इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी तयार केलेला. शिकारी घोड्यावर नसत, पायी मागून येत. कुत्र्यांचा घोळका नाकाने माग काढत झाडोऱ्यातून दूर निघून जाई, दिसेनासा होई. म्हणून त्याला हा लांब हेल दिलेला. आम्ही इथे आहोत, माग सापडला आहे, या, हे मागच्या माणसांना कळावं म्हणून. दुपारी दोन वाजता बन्या मान वर करून कुणाला तरी ठावठिकाणा कळवत होता. ज्याला कळवत होता तो टोरोंटोत झोपला होता.

हे मी सौ.ला सांगितलं नाही. तिने परस्पर ओळखलं असावं, कारण त्या दिवशी चिपळूणला करायचा फोन राहिला.

आमची उपाययोजना साधीच आहे. सकाळी मी बन्याला पाऊण तास नेतो, पण ‘चल, चल’ करून ओढत नेत नाही. विजेच्या प्रत्येक खांबापाशी तो थांबतो, मीही थांबतो. तिथे त्याचं वर्तमानपत्र असतं. रात्री कोण येऊन गेलं, कुणाची तब्येत कशी आहे, कोण नवीन राहायला आलंय, सगळं त्या खांबावर छापलेलं. आणि माझ्यासारखाच तोही निधनवार्तांपासून सुरुवात करत असणार, कारण पहिल्या खांबाला वेळ जास्त लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की वीस मिनिटं हुंगणारा कुत्रा तासभर धावणाऱ्यापेक्षा शांत झोपू शकतो. टर्नस्पिटही दिवसभर धावतच होता की! पाय दमणं वेगळं आणि डोकं कामाला लागणं वेगळं.

दुपारचं खातं सौ.ने घेतलं. बन्याचं जेवण वाडग्यात देणं तिने बंद केलं. भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, रिकाम्या खोक्यात, पायपुसण्याखाली, एक दाराच्या फटीत. दीड वाजता ती म्हणते, “शोध!” आणि दोन्ही खोल्यांची झडती सुरू होते. चाळीस मिनिटांनी साहेब शेवटचा तुकडा खाऊन, काम संपवलेल्या हेडक्लार्कसारखे आडवे होतात. हेल अजून निघतो, नाही असं नाही, पण पाच-दहा मिनिटं. कॅनडाचा फोन आला की जास्त.

एका रात्री मी जर्मनीतल्या एका जुन्या थडग्याची हकीकत वाचत होतो. 1914 साली ओबरकासेल इथल्या खाणीत एका पुरुषाच्या आणि एका बाईच्या सांगाड्याबरोबर कुत्र्याचीही हाडं मिळाली. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. 2018 साली त्यांच्या दातांवरून असं मांडलं गेलं की ते सातएक महिन्यांचं पिलू होतं, त्याला लहानपणीच कुत्र्यांचा मोठा आजार झाला होता, आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते इतके दिवस जगलं नसतं. मी जरा हिरमुसलो. कुत्रा मूळचा नोकरदार, हा माझा सिद्धान्त. आणि इतक्या जुन्या पुराव्यातला हा कुत्रा एक दिवसही कामावर गेलेला नाही!

“रात्री उठून त्याला पाणी पाजलं असेल कुणीतरी,” सौ. म्हणाली. “त्या बाईनेच.”

महिना संपला तेव्हा सेक्रेटरी पुन्हा आले, चहा घेतला, विषय पुढच्या बैठकीत ढकलला असल्याचं सांगून गेले. खालच्या मजल्यावरची मुलगी मात्र स्वतःच वर आली. तिला अभ्यासातून उठून दहा मिनिटं बाहेर जायला कारण हवं होतं. घरचे सोडत नव्हते. आता संध्याकाळी पाचला ती बन्याला खाली नेते आणि त्याला रसायनशास्त्र तोंडपाठ म्हणून दाखवते. परीक्षा झाल्यावरही यायचं म्हणते आहे, फक्त गुरुवारी क्लास असल्यामुळे सुट्टी हवी. मी म्हटलं, अर्ज दे, साहेबांना दाखवून सांगतो.