कारखान्यांतील अरण्य

इतिहास वाचावयाचा तो बखरींतून व दफ्तरांतून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कित्येक वेळां एखादी इमारतच तो आपणांस सांगूं लागते. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहरीं, नदीपासून हांकेच्या अंतरावर विटांची अशी एक जुनी इमारत आहे. एके काळीं येथें आगबोटींचीं एंजिनें तयार होत. आज येथें मुलांना अरण्य दाखवितात. ही अदलाबदल प्रथमदर्शनीं आम्हांस थोडी विनोदाची वाटली. ती तशी नाहीं, हें ध्यानांत येण्यास संध्याकाळ व्हावी लागली.

‘डेट्रॉइट’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळीं अरुंद जलमार्ग असा आहे. १७०१ सालीं कॅडिलॅक या फ्रेंच अधिकाऱ्यानें येथें ठाणें वसविलें, तें या मार्गावर नजर ठेवण्यासाठीं. सेंट क्लेअर सरोवराचें पाणी ही नदी ईरी सरोवरास पोंचविते. तिचा पलीकडचा तीर कॅनडाचा. एकोणिसाव्या शतकांत खनिज लोखंड, इमारती लांकूड आणि धान्य यांनीं लादलेलीं जहाजें या वाटेनें जाऊं लागलीं, तेव्हां त्यांचीं एंजिनें घडविणारे कारखानेही कांठावर उभे राहिले. ‘ड्राय डॉक एंजिन वर्क्स’ हा त्यांपैकीं एक. शंभराहून अधिक जहाजांना त्यानें एंजिनें पुरविलीं. १८९२ सालीं या कारखान्यानें पोलादी सांगाड्याची नवी यंत्रशाळा बांधली. तोंपर्यंत अशा इमारतींचा भार बहुधा जाड भिंतींवर असे. येथें छपराचा आणि अवजड ओझीं उचलणाऱ्या यारीचा भार पोलादी खांबांनीं पेलला, आणि मधली जागा उंच व मोकळी राहिली.

हेन्री फोर्ड याच वास्तूंत काम शिकला, अशी ख्याति आहे. ती अर्धीच खरी होय. १८८० च्या सुमारास शेतकऱ्याचा हा मुलगा या कारखान्यांत उमेदवारी करीत होता खरा. परंतु १८८२ पर्यंत तो तेथून गेलाही होता, आणि आज आपण पाहतों ती यंत्रशाळा त्यानंतर दहा वर्षांनीं उठली. थोर पुरुषाचा पाय लागला म्हणजे वास्तूचें मोल वाढतें, ही समजूत सर्व देशांत सारखीच दिसते. पुढें त्याच फोर्डच्या मोटारींनीं शहराला निराळें वळण लाविलें आणि जहाजबांधणी मागें पडली. इमारत ‘ग्लोब’ नांवाच्या व्यापारी कंपनीकडे गेली व अखेर ओस पडली. शहरासही ओहोटी लागली: १९५० सालीं जेथें सुमारें १८ लक्ष ५० हजार लोक राहत, तेथें २०१० सालीं ७ लक्ष १४ हजारच उरले, २०१३ सालीं नगरपालिकेनें दिवाळें जाहीर केलें. अशा पडत्या काळानंतर लगेच, २०१५ च्या जुलैंत, संस्थानच्या निसर्गसंपत्ति खात्यानें येथें हें निसर्गकेंद्र उघडलें.

आंत शिरतांच दृष्टि वर जाते. जेथें यारी फिरत असे, तेथें तीन मजले उंचीचा ओक वृक्ष उभा आहे. बाजूस धबधबा कोसळतो. मोठ्या कांचकुंडांत मिशिगनमधील मासे संथपणें फिरतात. वृक्ष अर्थात् माणसानें बनविलेला. एक लहानगी त्याच्या सालीवर टिचकी मारून आईला विचारीत होती, “हें खरें आहे का ग?” आई म्हणाली, “झाड खोटें, मासे खरे.” आमच्या मनांतलाच प्रश्न त्या मुलीनें विचारला होता. ज्या एंजिनांनीं नदीचें रान उठविलें, त्यांच्याच घरांत लटकें रान उभारणें ही नदीची थट्टा तर नव्हे?

त्या एंजिनांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. या पाण्यांत स्टर्जन नांवाचा प्रचंड मासा असे. कोळ्यांचीं जाळीं तो फाडी, म्हणून त्याची रास लांकडाच्या मोळ्यांसारखी रचून आगबोटींच्या भट्ट्यांत जाळीत, असें जुन्या हकीकतींत आढळतें. या माशाची मादी विशींच्या आगेंमागें वयांत येते आणि पुढेंही कांहीं वर्षांआड एकदांच अंडीं घालते. असा जीव एकदां लुटला कीं भरून येण्यास पिढ्या लागतात. पुढें तेल आणि पारा आला. १९४८ च्या हिवाळ्यांत तेलानें माखून सुमारें ११,००० बदकें मेलीं. तेव्हां शिकाऱ्यांनींच तीं मोटारींत भरून लॅन्सिंग या राजधानींत नेलीं आणि सरकारी भवनापुढें टाकलीं. १९७० सालीं पाऱ्यामुळें येथील मासेमारी बंद करावी लागली.

शहर ओस पडलें म्हणून नदी सुधारली, असें पुष्कळांस वाटतें. कारखाने बंद पडल्यानें भार कांहींसा हलका झाला, हें नाकारतां येत नाहीं. परंतु बदकांच्या त्या प्रकरणानंतर दहाबारा वर्षांत तेलाचें प्रमाण पुष्कळ उतरलें, तेव्हां चिमण्यांतून धूर निघतच होता. १९७२ सालीं अमेरिकेनें जलशुद्धीचा कायदा केला, आणि त्याच वर्षीं सरोवरांसाठीं कॅनडाशीं करारही केला. नदी वांचली ती मुख्यतः माणसांच्या उपेक्षेनें नव्हे, तर त्यांच्या आग्रहानें. २००१ सालीं झग बेटानजीक स्टर्जनचीं अंडीं पुन्हां सांपडलीं. आणि तीं कशावर घातलेलीं होतीं? जळून उरलेल्या दगडी कोळशाच्या खड्यांवर! २००६ सालीं व्हाइटफिश माशानेंही येथें अंडीं घातलीं. त्यापूर्वींची नोंद १९१६ सालची होती.

हें मनांत घोळवीत आम्ही रस्ता ओलांडून मिलिकेन उद्यानांत गेलों. तेथील पाणथळही मुद्दाम बनविलेली आहे; शेजारच्या जमिनीवरील पावसाचें पाणी तींत निवळून मग नदीस मिळतें. लव्हाळ्यांतून एक पक्षी उडाला, आणि आंतला वृक्ष व बाहेरची पाणथळ यांतील भेद आम्हांस वाटला तितका मोठा राहिला नाहीं. दोन्हीं माणसाच्या हातचीं; एक केवळ दाखविण्यासाठीं, दुसरी जगण्यासाठीं. पहिलें पाहून एखाद्या मुलाला दुसरीची ओढ लागली, तर त्या लटक्या झाडाचें सार्थक झालें म्हणावयाचें.

कांठावर एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसले होते. मासा घरीं नेतां काय, असें आम्ही विचारलें. ते म्हणाले, “लहान असला तर नेतों, मोठा असला तर सोडून देतों. त्याच्या अंगांत अजून पारा असतो.” इतकें बोलून त्यांनीं गळ पुन्हां पाण्यांत टाकला.